विभूतीआडचं कपाळ

सासूनं सुनेचं तोंडभरून कौतुक करावं आणि सुनेनं ते ऐकून मोरीत जाऊन नळ सोडून उभं राहावं, असं घर शोधून सापडायचं नाही. पण बाळीवेशीतल्या मल्लव्वांच्या घरात श्रावण लागल्यापासून नेमकं हेच चाललं होतं.

त्या दुपारीही दारातल्या कट्ट्यावर मठाच्या महिला मंडळातल्या बायका जमल्या होत्या. मल्लव्वा चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे सुपात चोळत होत्या आणि टरफलं फुंकता फुंकता सुनेचं गुणगान चाललं होतं.

“माझी विभूती बघा, दुपार झाली की उडून जातीया. घाम आला, पदर फिरला, संपलं. आन काव्याची? सकाळी लावली की दिवाबत्तीपतुर हलत न्हाय. भक्ती लागतीया त्याला, भक्ती!”

“नातेपुत्याची न्हवं ती?”

“व्हय की. आली तवा कानडीचा एक शब्द येत नव्हता पोरीला. आता पूजेतली वचनं तोंडपाठ म्हणती. थोरली सून आमची पुण्यात ऱ्हाती, तिच्या कपाळाला साधी टिकली न्हाय. हिचं कपाळ बघा. जत्रंतल्या नंदीवानी भरलेलं!”

बायका हसल्या. आत माजघरात चन्नवीरला पाजत बसलेल्या काव्याचा हात आपसूक कपाळाकडं गेला आणि अर्ध्यावरच थांबला. हात लावला की खाली ठणकायचं. समोरच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली, बाळाची पावडर आणि त्या दोन्हींच्या मधे एक स्टीलची डबी होती. त्या डबीकडं तिनं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

कारण डबीत विभूती होती खरी, पण नुसती विभूती नव्हती. लग्नातल्या मेकअपच्या सामानातून उरलेलं फाउंडेशन काव्यानं त्यात कालवलं होतं. म्हणून तर ती दिवसभर हलत नव्हती.

काव्या काही अशी लबाड नव्हती. लग्न ठरलं तेव्हा तिचा चेहरा तुकतुकीत होता, पाहुणे बघायला आले तर तोंडावर पाणी मारून पुढं जायची. बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि लेकराला घेऊन सोलापूरला परतली, तेव्हा गालांवर, कपाळावर बारीक बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. बाळंतिणीच्या अंगातली उष्णता असेल म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग मात्र जो भेटेल तो वैद्य झाला. मल्लव्वांनी हरभऱ्याचं पीठ आणि हळद भिजवून दिली. शेजारणीनं लिंबू चोळायला सांगितलं, त्यानं दोन दिवस आग आग झाली. चुलत नणंदेनं मोबाइलवर टूथपेस्ट लावलेल्या बाईचा व्हिडिओ पाठवला. एकीनं तर सांगितलं, शेंगाचटणी बंद कर. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची म्हणजे मल्लव्वांच्या लेखी घर सोडण्यासारखंच होतं. त्या म्हणाल्या, “आमच्या सात पिढ्या चटणी खात आल्या, कुणाचं तोंड उललं न्हाय!”

आणि मग चन्नवीरच्या जावळाच्या दिवशी ते झालं. पंगत उठली होती. नवऱ्याच्या, महेश्वरच्या मावशीनं काव्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि चारचौघांत म्हणाली, “पोरगी बघाय गेलो तवा तोंड कसं आरशावानी हुतं की गं! का आमाला फोटो दुसरीचा दाखवला?”

सगळे हसले. महेश्वरही हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो सगळ्यांबरोबर हसला इतकंच. काव्याही हसली. मात्र त्या दिवशी पाहुण्यांचे हात धुवायला तिनं पाण्याचा तांब्या हातात घेतला, तो मान वर न करताच.

तिनं महेश्वरला एकदा विचारलं होतं, “अहो, स्किनच्या डॉक्टरांकडं जाऊन येऊ का?”

“पुटकुळ्यांना डॉक्टर?” तो चाटी गल्लीतल्या दुकानाला निघाला होता, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. “कॉलेजात असताना मला काय कमी आल्या? गेल्या आपोआप. आता तुला कुणाला दाखवायचंय?”

तो चेष्टेनंच म्हणाला. पण ते वाक्य काव्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. खरंच की, कुणाला दाखवायचंय? आई झालेल्या बाईला तोंडाचं इतकं काय पडलंय? लेकरू अंगावर पितंय, गुटगुटीत आहे, आणखी काय हवं? पुटकुळ्यांची लाज वाटायची ती वाटायचीच, वर लाज वाटते याचीही लाज वाटायची. एकावर एक भांडी रचावीत तशी.

म्हणून ती कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या मानसिंगच्या मेडिकलात गेली. त्यानं फार काही विचारलंच नाही. ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. “ताई, लई जणी नेतात. आठ दिवसांत काच होईल काच!”

झाली की काच. मल्लव्वा हरखल्या, हरभऱ्याच्या पिठाचा गुण म्हणून गल्लीभर सांगून आल्या. ट्यूब संपली आणि काव्यानं दुसरी आणली नाही, कारण चन्नवीर आता तिच्या गालाला तोंड लावून चोखायला शिकला होता, आणि लेकराच्या पोटात औषध जाईल या भीतीनं तिचा जीव वरखाली व्हायचा. तिनं लावायचं थांबवलं मात्र, आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. गाल लाल झाले, आणि कपाळावर तर पिकलेले, ठसठसणारे फोड. उशीला कपाळ टेकलं तरी जीव जायचा.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी ती पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी तळहातावर घेण्याआधी पाण्यानं विभूती भिजवून कपाळाला तीन बोटं ओढायची, हे ती लग्नानंतर शिकली होती. त्या दिवशी विभूती जरा पातळ झाली म्हणून तिनं जास्त घेतली. तीन बोटांच्या तीन रेघा एकमेकींत मिसळल्या, कपाळभर पांढराशुभ्र पट्टा पसरला. आरशात पाहिलं तर एक फोड दिसत नव्हता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिनं आरशातल्या बाईच्या डोळ्यांत बघितलं.

“यव्वा!” मागून मल्लव्वांचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या, डोळे पाण्यानं भरलेले. “किती शोभतंय गं पोरी!”

तेव्हाच बोलायचं होतं, काव्याला नंतर कितीदा वाटलं. तेव्हा ते हसण्यावारी गेलं असतं. पण सासूच्या डोळ्यांतलं ते पाणी तिला पुसवेना. आणि खरं सांगायचं तर ते कौतुक हवंहवंसं वाटलं. दुपारपर्यंत सुकलेली विभूती पापुद्र्यासारखी गळायला लागली, फोड उघडे पडायला लागले. मग दुसऱ्या दिवशी ती डबी तयार झाली. विभूतीची अख्खी वडी कुटून, फाउंडेशन घालून, लोण्यासारखी मऊ.

श्रावणातला शेवटचा सोमवार जवळ आला. गल्लीतल्या छोट्या मठातून त्या दिवशी पालखी निघायची आणि पालखीपुढं पंचारती घेऊन एक बाई चालायची. ताटात पाच वाती आणि विभूतीची वाटी. ती विभूती आधी पिंडीला, मग पालखीला आणि मग जमलेल्या साऱ्यांच्या कपाळाला लागायची. हा मान शरणम्मांचा. त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडं आलेला. शरणम्मा मंडळात सगळ्यांत थोरल्या, बोलायला तिखट, पण मठाची भांडी स्वतःच्या हातानं घासल्याशिवाय त्यांचा श्रावण सरायचा नाही.

त्या बुधवारी मल्लव्वा मठातून आल्या त्या नाचतच.

“काव्या! ए काव्या! पंचारती यंदा तुझ्या हातात!”

काव्याच्या हातातलं लाटणं पोळपाटावरच थांबलं. “माझ्या? आणि शरणम्मा?”

“तिचं गुडघं कुटं चालतंय आता? बायकाच म्हणाल्या, पोर भक्तीची हाय, नवीन माणसाला मान द्यावा. मी एक शब्द बोलले न्हाय हां!” मल्लव्वांनी तिचं तोंड कुरवाळलं. “माझ्या सासूनं मला जलमभर ऐकवलं, तुझ्या माहेरात धर्म न्हाय, तुमी नुसतं तराजूवालं. आज ती असती तर...”

“अत्या, मला नाही जमायचं. चन्नू लहान आहे. तो रडला तर?”

“मी हाय की. त्याची आज्जी मेली का?”

रात्री महेश्वरला सांगायचं तिनं ठरवलं. जेवताना तिनं सुरुवातही केली, “अहो, ती विभूती ना...” पण त्यानं भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, “आई किती खूश आहे काव्या. अण्णा गेल्यापासून तिला असं बघितलंच नव्हतं.” काव्यानं विषय सोडून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शनिवारी शरणम्मा स्वतः आल्या, जिन्याची पायरी धरून धरून. हातात चिंचेनं घासलेली पितळी पंचारती, अशी लखलखीत की काव्यानं तिच्यात आपलं तोंड दिसेल म्हणून मान फिरवली.

“घे. आन ऐक. डावा हात ताटाखाली घाल, न्हायतर तुपाचा थेंब मनगटावर पडतो. माझ्या मनगटाला बघ किती हायत.” त्यांनी बांगड्या मागं सारून दाखवलं. गोऱ्या कातडीवर जुने, पांढुरके डाग. “चालताना पालखीकडं तोंड ठेवायचं, म्हंजे उलटं चालायचं. दगड बिगड बघून. मी पयल्या वर्षी पडले हुते.”

“शरणम्मा, तुम्हीच घ्या ना यंदा. मी तुमच्या शेजारी चालते. हात धरते.”

“मंडळानं ठरवलं की झालं. मी काय लहान पोर हाय रुसायला?” असं म्हणताना त्यांनी पंचारतीच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मग त्याच अंगठ्यानं त्यांनी काव्याच्या भुवईच्या वर किंचित टेकवून पाहिलं. काव्या दचकली, दुखलं म्हणून आणि दुसऱ्याच भीतीनंही.

“लई घट्ट बसलीया गं तुझी विभूती,” शरणम्मा म्हणाल्या. अंगठा नाकाजवळ नेला की पदर सावरला, ते काव्याला कळलं नाही. “माझी एक वडी वरीसभर पुरती. तू मठातनं ह्या श्रावणात तिसरी नेलीस.”

एवढंच बोलून त्या जिना उतरल्या. काव्या पंचारती हातात धरून उभीच राहिली. दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेतला आणि तोही खोटं बोलून, असं तिला वाटलं. तिनं ठरवलं, सोमवारी निदान डबीला हात लावायचा नाही. मठातली साधी विभूती लावायची, गळून पडली तर पडली. ताट तरी खरं असेल.

पण सोमवारी सकाळी ठरवलेलं ठरवलेल्या जागीच राहिलं. आरशासमोर कपाळ उघडं बघितलं, मावशीचा आवाज कानात आला, आज तर गल्लीभर माणूस असणार, आणि हात आपोआप डबीकडं गेला. तिनं रोजच्यासारखी विभूती थापली, डबी फळीवर ठेवली आणि चन्नवीरला आंघोळ घालायला मोरीत गेली.

लेकराला टॉवेलात गुंडाळून बाहेर आली, तर फळीवर तेलाची बाटली होती, पावडर होती. मधली जागा रिकामी होती.

“अहो! डबी कुठंय?”

महेश्वर सदऱ्याची बटणं लावत होता. “कुठली? ती विभूतीची? आईनं नेली की मठात. म्हणाली, आज ताटात माझ्या सुनेच्या हातची विभूती.”

ताटातली विभूती पिंडीला लागणार. मग पालखीला. मग शरणम्मांच्या कपाळाला, साऱ्या गल्लीच्या कपाळाला. आपल्या पुटकुळ्या झाकायला कालवलेलं ते गुलाबाच्या वासाचं फाउंडेशन देवाच्या अंगावर. आजवर ती माणसांना फसवत होती, तेवढं कसंबसं पचवलं होतं. तिनं चन्नवीरला तसंच ओल्या टॉवेलात काखोटीला मारलं आणि चपला न घालता निघाली. मागून महेश्वर हाका मारत राहिला.

मठात बायकांची गर्दी होती. पुजारी अय्या गाभाऱ्यात पिंडीवर पाणी घालत होते. दाराशी पाटावर ताट मांडलं होतं, शरणम्मा वाती लावत होत्या आणि मल्लव्वा पदराच्या टोकानं डबी पुसून त्यांच्या हातात देत होत्या.

“ही घाल वाटीत. काव्यानं स्वतः केलीया. बघ कशी लोण्यावानी.”

शरणम्मांनी झाकण उघडलं. बोट लावलं. दोन बोटांत चोळलं. मग डबी नाकाजवळ नेली.

काव्या उंबऱ्यात धापा टाकत उभी होती. शरणम्मांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. काव्याला वाटलं, आता. आता चारचौघांत पुकारा होणार. तोंडाळ शरणम्मा, मान गेलेली शरणम्मा, हिच्या हातात आयतं कोलीत आलंय.

शरणम्मांनी झाकण लावलं.

“हिला पाणी सुटलंय मल्लव्वा,” त्या सहज म्हणाल्या. “आपली मठातलीच वडी घेऊया. ए काव्या, आलीस? पोराला आज्जीकडं दे, ताट उचल. अय्या थांबलेत.”

आणि त्यांनी डबी आपल्या कमरेला खोचून टाकली.

सुटका झाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती. फक्त पुढं होऊन ताट उचलायचं होतं. मल्लव्वांनी हौसेनं हात पसरले, चन्नवीर आजीकडं झेपावला. काव्यानं ताटाला हात घातला. पाचही वाती नीट वळलेल्या, तुपात बुडवलेल्या. शरणम्मांनी वळलेल्या. त्यांचं डागांचं मनगट ताटाच्या कडेला अजून टेकलेलं होतं, ते त्यांनी हळूच मागं घेतलं.

काव्याला ताट उचलेना.

“पाणी नाही सुटलं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेला नाही. “अत्या, पाणी नाही सुटलं त्याला. मेकअपची क्रीम आहे त्यात. तोंडाला लावायची. मी घातलीय.”

“काय बोलतीस?” मल्लव्वा हसल्याच आधी.

काव्यानं अभिषेकाच्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि कपाळावर दाबलं. एकदा पुसून निघालं नाही. दुसऱ्यांदा चोळलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी चोळलं. पदरावर पांढरा, गुलबट चिखल आला. कपाळ उघडं पडलं, पिकलेलं, लाल, एका फोडातून रक्त निघालेलं.

“भक्ती नव्हती अत्या. हे झाकायला लावत होते.”

मग मागं कुणीतरी खुसकन हसलं. कुणी म्हणालं, “अगं बाई, देवाला मेकअप!” आणखी दोघी हसल्या. काव्या जमिनीकडं बघत होती, तिला फरशीवर फक्त मल्लव्वांची पावलं दिसत होती. ती पावलं हलली नाहीत. ती हलली असती, पुढं आली असती, थोबाडीत बसली असती, तरी बरं झालं असतं.

“हसू नका,” शरणम्मा कडाडल्या. “कुणाच्या कपाळाखाली काय हाय ते देवाला ठावं. काव्या, सर बाजूला.” त्यांनी डावा हात ताटाखाली घातला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला. पालखी निघाली. शरणम्मा उलट्या पावलांनी चालल्या, हळू, पण न अडखळता.

काव्या चालली सगळ्यांच्या मागं, अनवाणी. मल्लव्वा तिच्या थोड्या पुढं, नातवाला खांद्यावर टाकून, एकदाही मागं न बघता.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. मल्लव्वा कट्ट्यावर बसेनाशा झाल्या. दार अर्धं लोटून आत शेंगदाणे सोलत बसायच्या. बायका हाका मारून जायच्या, “मल्लव्वा, हायसा का?” तर त्या आतूनच सांगायच्या, “कामात हाय.” सुनेशी बोलायच्या ते कामापुरतं. “दूध उतू जाईल.” “पोर उठलं.” रोज सकाळी मात्र काव्याच्या केसांना तेल घालून चोळायचं त्यांनी सोडलं नव्हतं. बाळंतिणीच्या डोक्याला तेल हवंच. तेवढा वेळ त्यांची बोटं तिच्या डोक्यातून फिरायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. पाठमोरी बसलेली काव्या मान खाली घालून असायची. तिला वाटायचं, रागानं केस ओढावेत एकदाचे. तेही नाही.

शेवटी एका सकाळी तेल चोळता चोळता मल्लव्वा म्हणाल्या, “सांगितलं का न्हाईस?”

काव्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मी गावभर सांगत सुटले. माझं हसं झालं ते झालं. पण तुला इतकं दुखत हुतं, आन मी रोज तुझ्या तोंडाकडं बघून म्हणत हुते, किती शोभतंय, किती शोभतंय.” तेलाचा हात कपाळावरून आला आणि तिथंच थांबला. “डोळं हायत का काय माझ्या.”

त्याच दुपारी त्यांनी महेश्वरला दुकानातून बोलावून घेतलं. “गाडी काढ. हिला डॉक्टरकडं न्यायचंय. आन तू दात काढलेस तर बघ!”

सात रस्त्यापुढच्या दवाखान्यात स्किनच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून काव्याचं कपाळ बघितलं. काव्यानं डोळे मिटून घेतले. एवढ्या जवळून कुणी बघणं तिला सोसवेना.

“अंगावर पाजताय?”

“हो.”

“मग पोटातल्या गोळ्यांकडं आत्ता नाही जायचं. लावायच्या औषधांवर भागवू. आधी काय काय लावलं?”

काव्यानं पीठ सांगितलं, लिंबू सांगितलं, टूथपेस्ट सांगितली. ट्यूब सांगताना आवाज खाली गेला. विभूतीपाशी आली तर पुढं बोलवेना. ते मल्लव्वांनी पुढं केलं, “ते बी सांग. लाजू नगं. विभूतीत मेकअपची क्रीम कालवून लावत हुती.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं नाही. आलं असेल तर त्यांनी ते प्रिस्क्रिप्शनवर वाकून लपवलं. “त्या ट्यूबमधे स्टेरॉइड असतं. आधी बरं वाटतं, सोडलं की दुपटीनं उठतं. पुन्हा घ्यायची नाही. ही जेल रात्री, हरभऱ्याच्या दाण्याएवढीच. तोंड कोरडं पडेल, घाबरून सोडू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. पांढरी उशी वापरा, रंगीत अभ्र्यावर डाग पडतात. आणि जेल सुकल्याशिवाय बाळाला गालाशी घ्यायचं नाही.” मग त्यांनी मान वर केली. “केसांना तेल कोण लावतं?”

“मी,” मल्लव्वा अभिमानानं म्हणाल्या. “रोज. चप्प.”

“ते कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात. कपाळावरचे इतके फोड त्याचेही आहेत. तेल कमी करा, कपाळाला तर लागूच देऊ नका. मेकअप नको, विभूतीही नको, बरं होईपर्यंत.”

मल्लव्वांचं तोंड उघडंच राहिलं. दवाखान्याचा जिना उतरताना त्या एका पायरीवर थांबल्या. आपल्या तळहाताकडं बघितलं. तो तेलानं वर्षानुवर्षं मऊ झालेला होता.

“म्हंजे मीच की गं,” त्या म्हणाल्या.

“नाही ओ अत्या.”

“गप. मीच.” आणि त्या पुढं झाल्या, सावकाश, कठडा धरून.

त्या रात्री काव्याच्या उशीला पांढरा अभ्रा होता, महेश्वरच्या जुन्या धोतराचा, हातानं शिवलेला. टाके वाकडेतिकडे. दिसत नाही म्हणून मल्लव्वांनी सुई हातात धरायचं सोडून कैक वर्षं झाली होती.

पुढच्या सोमवारी काव्या पूजेला बसली ती उघड्या कपाळानं. सोललेलं, कोरडं, लाल कपाळ. जेल लावून थोडेच दिवस झाले होते, गुण कसला, उलट जास्तच भडकलं होतं. तिला वाटलं, आज पूजेत आपल्याला काहीच लावता येणार नाही. लावायचा हक्कही कुठं राहिलाय? ती नुसतीच हात जोडून बसली.

मल्लव्वा आल्या. हातात मठातली विभूतीची वडी, वाटीत पाणी. पाटावर समोरासमोर बसल्या. बोट भिजवलं, वडीवर फिरवलं.

काव्यानं सवयीनं कपाळ पुढं केलं आणि मग आठवून, शरमून मागं घेतलं.

“वर कर मान,” मल्लव्वा म्हणाल्या.

“अत्या, डॉक्टरीणबाई...”

“मला कान हायत. मान वर कर म्हणते.”

काव्यानं हनुवटी उचलली. डोळे मात्र वर गेले नाहीत, ते सासूच्या हातातल्या ओल्या वडीवरच राहिले. मल्लव्वांनी तीन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि डावीकडून उजवीकडं सावकाश ओढली. मग दंडाला. मग दुसऱ्या दंडाला.

“कपाळच पायजे असं कुटं हाय? माझ्या बापाच्या अंगभर असायची.”

गळ्यावरची विभूती ओली होती, गार होती आणि वासाला नुसत्या राखेसारखी होती. काव्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडलं तेव्हा एक रेघ फुटली. रांगत आलेल्या चन्नवीरनं आईच्या दंडावर हात मारला, तळवा पांढरा झालेला पाहून खदखदून हसला आणि तोच तळवा आजीच्या तोंडाला फासला.

मल्लव्वांनी ते पुसलं नाही. तशाच उठल्या, सूप घेतलं आणि कितीतरी दिवसांनी दार पुरतं उघडून कट्ट्यावर जाऊन बसल्या.

“मल्लव्वा, तोंडाला काय लागलंय?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

आत काव्यानं चन्नवीरला जवळ ओढलं.

“नातवानं लावलीया,” मल्लव्वा म्हणाल्या आणि शेंगदाणे चोळायला लागल्या.